फोटो साफ आला तरी खुबा मोडलेला असू शकतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात घसरून पडणाऱ्या ज्येष्ठांविषयी आपल्या अंकात आलेला मजकूर वाचला. न्हाणीत धरायला दांडी बसवा, रात्री दिवा चालू ठेवा, शेवाळलेली पायरी घासून घ्या, हे सगळं योग्यच आहे. पण माणूस पडल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं, याबद्दल त्यात काहीच नव्हतं. माझी सगळी नोकरी कोल्हापुरात एक्स-रे काढण्यात गेली, त्यामुळे ही उणीव मला जास्त टोचली.

आमच्याकडे येणारे पेशंट बहुतेक एकाच तऱ्हेचे. पन्हाळ्याकडची सत्तरीची आज्जी, पहाटे धारेच्या वेळी गोठ्यात पाय सटकलेला. नाहीतर पेठेतले आजोबा, ओल्या शहाबादी फरशीवर आपटलेले. फोटो निघतो, हाड मोडलेलं दिसत नाही असं कोणीतरी सांगतं आणि घरच्यांच्या जिवात जीव येतो. रिक्षात बसेपर्यंत निदान पक्कं झालेलं असतं : "मुका मार हाय. चार दिस तेल लावून चोळा, हुतंय बरं." आज्जीला पाय टेकवत नाही, तिकडे मग कुणाचं लक्ष नसतं.

माझं सांगणं एवढंच की, पडल्यानंतर म्हाताऱ्या माणसाला त्या पायावर उभं राहता येत नसेल, तर पहिल्या फोटोत काही न दिसल्यानं प्रकरण मिटत नाही. पुन्हा फोटो, दुसऱ्या बाजूनं फोटो आणि गरज पडली तर एमआरआय किंवा सीटी स्कॅन झाल्याशिवाय पेशंटला घरी नेऊन चालवू नये, चोळू तर अजिबात नये.

असं का होतं ते थोडं सांगतो. खुबा म्हणून आपण कमरेच्या खाली कडेला हात लावून दाखवतो, ते मांडीच्या हाडाचं बाहेरचं टेंगूळ. खरा सांधा त्याच्या आत, जांघेत खोलवर असतो. ओटीपोटाच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक खळगा असतो, त्यात मांडीच्या हाडाचा गोळा बसतो. गोळा आणि हाडाचा दांडा यांना जोडणारा आखूड तिरका भाग म्हणजे मान. ही मान दांड्याशी साधारण १२५ ते १३५ अंशांचा कोन करते आणि शिवाय मोठ्या माणसात सुमारे १५ अंश पुढे झुकलेली असते.

त्या १५ अंशांपायी आमची खरी कसरत होते. उताण्या झोपलेल्या माणसाचे दोन्ही पाय तेवढे आत वळवले, अंगठे एकमेकांकडे आणले, तरच फोटोत मान पूर्ण लांबीची दिसते. मार लागलेला पाय नेमका उलट, बाहेरच्या बाजूला पडलेला असतो. मग मान आखूड दिसते, कडेचं टेंगूळ तिच्यावर चढतं आणि केसाएवढी चीर त्या सावलीत बुडून जाते. आणि मोडल्याचा संशय असलेला पाय ओढून आत वळवणंही बरोबर नाही. तंत्रज्ञानं करायचं तरी काय? जेवढं मिळेल तेवढं घ्यायचं आणि आडवा फोटो काढायचा. त्यासाठी चांगला पाय वर उचलून धरावा लागतो आणि दुखऱ्या खुब्यातून किरण आडवे सोडावे लागतात. पेशंट कळवळतो, नातेवाईक "ऱ्हाऊ द्या साहेब" म्हणतात, बाहेर रांग लागलेली असते. म्हणून हा फोटो बऱ्याच ठिकाणी राहून जातो, आणि समोरून घेतलेल्या फोटोत न दिसलेली चीर कित्येकदा त्यातच सापडते.

आणखी एक गोष्ट. पैसे वाचावेत म्हणून लोक 'दुखऱ्या बाजूचाच काढा' म्हणतात. तसं करू नये. दोन्ही खुबे एका फोटोत आले की चांगल्या बाजूशी तुलना करता येते. मानेच्या आतल्या कडेपासून ओटीपोटाच्या हाडातल्या भोकाच्या वरच्या कडेपर्यंत एक सलग कमान दिसते. शेंटन नावाच्या इंग्रज रेडिओलॉजिस्टच्या नावानं ती ओळखली जाते. ती कुठं तुटली किंवा पायरी पडल्यासारखी दिसली, तर गडबड आहे. हाड हाडात रुतून बसलं असेल तर काळ्या रेघेऐवजी पांढरट पट्टा दिसतो, तो सहज नजरेतून सुटतो. आणि हल्ली फिल्म खिडकीला धरून मोबाईलवर फोटो काढून पुण्या-मुंबईच्या भाच्याला व्हॉट्सॲप करतात! त्या फोटोत ही बारीक खूण उरतच नाही. भाचा डॉक्टर असला तरी त्याला काय दिसणार?

एवढं सगळं नीट करूनही काही मोडी साध्या फोटोत दिसत नाहीत. खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये असं प्रमाण साधारण २ ते १० टक्के धरतात. एमआरआयमध्ये हाडाच्या आतल्या मगजात झालेला बदल दिसतो, त्यामुळे मोड काही तासांतही पकडता येते. ब्रिटनमध्ये उपचारांचे दंडक ठरवणाऱ्या 'नाईस' संस्थेनं २०११ मध्येच सांगितलं आहे की, फोटो साफ असूनही खुबा मोडल्याची शंका असेल तर एमआरआय करावा, आणि तो २४ तासांत होत नसेल किंवा पेशंटला चालत नसेल तर सीटी. एमआरआय स्वस्त नाही, हे मला माहीत आहे. म्हणून प्रत्येक पडलेल्या माणसाचा करा असं मी म्हणत नाही. वजन देता येत नाही, पाय हलवला की जांघेत कळ येते, झोपून पाय सरळ उचलता येत नाही, अशांबद्दल बोलतोय.

काही वेळा जांघेतही दुखत नाही. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. गुडघ्याचा फोटो निघतो, त्यात वयाप्रमाणे झीज दिसतेच, मग गोळ्या सुरू होतात आणि मोड राहते वर खुब्यात.

उशीर झाला तर बिघडतं काय? मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त मुख्यतः मानेवरून चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळतं. सांध्याच्या आवरणाच्या आत मान मोडली तर हाड जुळायला अवघड, आणि आवरणाबाहेर मोडलं तर बऱ्यापैकी जुळतं, हा फरक लंडनच्या सर ॲस्टली कूपर यांनी १८२२ च्या ग्रंथातच मांडला होता. तेव्हा एक्स-रेचा शोधही लागलेला नव्हता. मानेची मोड जागेवर असताना पकडली तर बहुधा स्क्रूंवर भागतं. तोच माणूस चार दिवस भिंतीला धरून चालला, कुणी पाय ओढून चोळला आणि हाड सरकलं, की त्या रक्तवाहिन्या तुटतात आणि मग गोळाच बदलावा लागतो. ऑपरेशन मोठं, खर्च मोठा.

इथं तालमीतल्या वस्तादांचा विषय निघणारच. निखळलेला खांदा, मुरगळलेला घोटा यांवर पिढ्यान् पिढ्या चाललेला त्यांचा हात मी पाहिला आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण पडलेल्या म्हातारीचा खुबा त्यांच्याकडं नेऊ नये. समजूतदार वस्ताद स्वतःच 'आधी फोटो काढून या' म्हणतात.

ओटीपोटाच्या हाडांचंही असंच आहे. दोन बाजूंची दोन हाडं आणि मागं माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड मिळून एक बंद कडं तयार होतं. काचेची बांगडी दाबली की ती एकाच ठिकाणी फुटत नाही, तसं हे कडंही सहसा एका जागी मोडत नाही. पुढं जांघेजवळ चीर दिसली की सगळे तिथंच थांबतात, मागची मोड आतड्यातल्या वाऱ्याच्या सावलीत लपलेली असते. कंबर मागूनही दुखत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. यातल्या बऱ्याच मोडींना ऑपरेशन लागत नाही, वेदना कमी करून हळूहळू चालवतात. पण काय मोडलंय ते कळल्यावर चालवणं आणि न कळता चालवणं यात फरक आहे.

विषय म्हाताऱ्यांचा आहे, पण आपल्या गावात फुटबॉलचं वेड एवढं की पोरांबद्दलही लिहायला हवं. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलानं जोरात किक मारली आणि जांघेच्या वर 'कट्' झालं, की 'शीर ओढली' म्हणून स्प्रे मारून त्याला परत मैदानात उतरवतात. या वयात ओटीपोटाच्या हाडाची टोकं अजून पक्की जुळलेली नसतात, स्नायू हाडाचा तुकडाच ओढून काढतो. बहुतेक वेळा विश्रांतीनं भागतं, पण फोटो तर काढा.

मोड सापडली की पुढचा अडथळा घरातला. "वय झालंय, ऑपरेशन झेपायचं न्हाई, पडून ऱ्हाऊ दे." अंथरुणावर पडून राहणंच म्हाताऱ्या शरीराला झेपत नाही. पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गुठळ्या. खुबा मोडलेल्या ज्येष्ठांपैकी साधारण पाचातला एक तरी वर्षभरात जातो, असं जगभरचा अनुभव सांगतो. दाखल केल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन आणि त्याच्या पुढच्या दिवशी पेशंट उठवून उभा, असा 'नाईस'चा दंडक आहे. हृदय, साखर, रक्त पातळ करायच्या गोळ्या यांमुळे कधी थांबावं लागतं, ते डॉक्टर ठरवतील. पण मुलगा सुट्टी काढून येईपर्यंत किंवा अमावास्या सरेपर्यंत थांबण्यात काही अर्थ नाही. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी दाखल होतानाच करावी.

हाड जोडलं की लोक हाडाचा ठिसूळपणा विसरतात. खरं तर तो त्याच फोटोत दिसतो. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकात वजन पेलणाऱ्या बारीक रेघांची जाळी असते. सिंग, नागरथ आणि मैनी या भारतीय डॉक्टरांनी १९७० मध्ये त्या रेघा कशा विरत जातात यावरून सहा पायऱ्या ठरवल्या. आता हाडाची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आली, ती जास्त भरवशाची. तरी चांगल्या फोटोत ती जाळी बघायला मला अजून आवडतं. डिस्चार्ज घेताना ठिसूळपणावरच्या औषधाचं विचारलं नाही, तर पुढच्या पावसाळ्यात दुसरा खुबा घेऊन तोच पेशंट परत येऊ शकतो.

आपल्या दैनिकामार्फत शहरातल्या आणि तालुक्यांतल्या एक्स-रे सेंटरना एक विनंती आहे. फोटोच्या पाकिटावर ठळक अक्षरांत एवढंच छापावं : "पडल्यानंतर पायावर वजन देता येत नसेल तर केवळ या फोटोवर अवलंबून राहू नये, आजच पुन्हा डॉक्टरांना दाखवावे." पाकिटं दरवर्षी नव्यानं छापली जातातच. त्यावर सेंटरचं नाव, फोन आणि देवाचं चित्र असतं, या ओळीलाही जागा निघेल.

आपला वाचक,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ,
मंगळवार पेठ, कोल्हापूर