विझलेल्या धुराड्यांविषयी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, ऑपरेशननंतर बारीक अक्षराचा त्रास होतो म्हणालात, म्हणून मोठ्या अक्षरात लिहितेय. परवा फोनवर आईने विचारलं, "समुद्रतळाच्या त्या दगडांत तू इतकी वर्षं शोधतेस तरी काय?" मी घाईत "सावकाश सांगते" म्हणाले. ते मनाला लागून राहिलंय.

आई, समुद्राचं पाणी तळाच्या भेगांतून खाली झिरपतं, तप्त खडकापाशी साडेतीनशे अंशांच्या आसपास तापतं आणि तांबं, लोखंड, जस्त विरघळवून घेऊन वर उसळतं. वरचं पाणी जेमतेम दोन अंशांचं. दोन्ही भेटली की धातू गंधकाशी जोडले जातात, काळ्या धुरासारखे बाहेर पडतात आणि थरावर थर चढून धुराडी उभी राहतात. असा काळा धूर ओकणारी धुराडी माणसाने १९७९ साली पूर्व पॅसिफिकच्या तळाशी पाहिली.

माझं काम धुराडं विझल्यावर सुरू होतं. थंड पाण्यातला ऑक्सिजन मग त्या सल्फाइडांना, म्हणजे धातू-गंधकाच्या संयुगांना, हळूहळू खात जातो. लोखंडाचा नारिंगी गंज चढतो, कुठे कुठे अटाकामाइट नावाचं तांब्याचं हिरवं खनिज धरतं. बरंचसं तांबं जागचं सुटतं. ते किती गेलं, कुठे गेलं, हे दगड नुसता पाहून कळत नाही.

इथे तांब्याचे समस्थानिक कामी येतात. तांब्याचे अणू दोन वजनांचे असतात, ६३ आणि ६५. शंभरात साधारण ६९ हलके, ३१ जड. दोन्ही स्थिर आहेत, त्यांतून किरणोत्सर्ग होत नाही, तेव्हा आई, ती काळजी करू नकोस. सल्फाइडमधून सुटताना तांबं एक इलेक्ट्रॉन गमावतं, आणि त्या नव्या रूपात जड अणू जास्त घट्ट बांधले जातात. म्हणून निघून जाणाऱ्या तांब्यात जड अणूंचा वाटा किंचित वाढतो आणि मागे राहिलेलं हलकं होतं. जे गेलं त्याचा माग उरलेल्यात सापडतो, याचं मला अजून नवल वाटतं.

फरक हजारात एक-दोन इतकाच. दगड आम्लात विरघळवून रेझिनच्या नळीतून तांबं वेगळं काढावं लागतं, आणि तेही सगळंच्या सगळं, कारण त्या नळीतही हलके-जड अणू मागेपुढे होतात. गेल्या महिन्यात शेवटचे थेंब माझ्या हातून सांडले आणि तीन आठवड्यांचं काम परत करावं लागलं. त्या दिवशी तुमचा फोन उचलला नाही, त्याचं कारण हे.

एकटा आकडा पुरतही नाही. जुन्या साठ्यातून पुन्हा गरम पाणी वाहिलं तर सुटलेलं जड तांबं नव्या धुराड्यात जाऊन बसू शकतं. म्हणून आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, मग मोजायचं.

हल्ली खाणकामाच्या चर्चेत विझलेल्या साठ्यांना "मृत" म्हणतात. मला ते पटत नाही. धूर थांबला तरी तिथलं तांबं हलत असतं, आणि ते कुठे जातं हे समजल्याशिवाय तिथे हात लावू नये असं मला मनापासून वाटतं.

सोबत एका कापलेल्या, घासून चकचकीत केलेल्या तुकड्याचा फोटो पाठवतेय. पितळी पिवळा भाग मूळचा चाल्कोपायराइट, म्हणजे तांबं, लोखंड आणि गंधकाचं खनिज. त्याच्या कडेची गर्द निळी रेघ नंतर तयार झालेलं कोव्हेलाइट, तांबं आणि गंधकाचं खनिज. बाबा, तुम्ही भिंगातून बघा. आई, तुला ती रेघ आधी दिसेल. रविवारी निवांत फोन करते.

तुमची,
लेक