पिल्लांच्या खाद्यातील एन्झाइम आणि पुड्यावरची माहिती

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

वराहपालनावरील लेखांत जाती, शेड आणि राष्ट्रीय पशुधन अभियानातील 50 टक्के अनुदान यांची चर्चा भरपूर असते. पण ज्या टप्प्यावर नफा-तोट्याचे गणित ठरते, त्या नुकतेच दूध तोडलेल्या पिल्लांच्या खाद्याविषयी क्वचितच काही छापून येते.

आईच्या दुधावर वाढलेले पिल्लू एकाएकी मका, सोयाबीन पेंड आणि कोंड्यावर आले की त्याचे पाचकरस अपुरे पडतात, जठरातील आम्लही कमी असते आणि न पचलेले अन्न पुढे आतड्यात आंबून हगवण लागते. येथे खाद्यातून दिलेले एन्झाइम, म्हणजे अन्न फोडून पचवायला मदत करणारे घटक, कामाला येतात, मात्र प्रत्येकाचे काम वेगळे आहे. धान्य व पेंडीतील सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि डुकराला तो स्वतःहून फारसा सोडवता येत नाही. प्रतिकिलो खाद्यात साधारण 500 युनिट फायटेज, म्हणजे फायटेट फोडणारे एन्झाइम, घातले, तर त्यातला बराचसा पिल्लाच्या अंगी लागतो. मग डीसीपीचे (डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरससाठी खाद्यात वेगळी घातली जाणारी पूड) प्रमाण तज्ज्ञांना विचारून कमी करायला हवे, नाहीतर एकाच गोष्टीचे पैसे दोनदा जातात. झायलनेजचा, म्हणजे कोंड्यातील तंतू फोडणाऱ्या एन्झाइमचा, उपयोग गव्हाचा कोंडा जास्त असलेल्या खाद्यात ठळकपणे दिसतो. नुसत्या मका-सोयाबीनवर तो बेताचाच.

प्रत्यक्षात दुकानात ‘ग्रोथ पावडर’ म्हणून जे पुडे मिळतात, त्यांतील अनेकांवर कोणते एन्झाइम किती युनिट आहे, हेच लिहिलेले नसते. त्यामुळे शेतकरी किलोचा भाव पाहून खरेदी करतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

आणखी एक गोष्ट. हॉटेलचे खरकटे खाऊ घालणाऱ्यांनी ते उकळलेच पाहिजे, विशेषतः 2020 मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा, खरकट्यातूनही पसरणारा रोग देशात शिरल्यापासून. परंतु पावडर त्याच उकळत्या पातेल्यात टाकली जाते. एन्झाइम हे प्रथिनच असल्याने त्या उष्णतेने ते निकामी होते. खाद्य कोमट झाल्यावर, पिल्लांपुढे ठेवण्याआधी ते मिसळावे लागते.

पुड्यावर एन्झाइमचे नाव, युनिट, सोसणारे तापमान आणि वापराची मुदत मराठीत छापणे बंधनकारक करावे, आणि पशुसंवर्धन विभागाने कोणत्या खाद्याला कोणते एन्झाइम, याचा तक्ता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लावावा, ही विनंती.

आपला,
एक वराहपालक, जि. सातारा