पाण्याची वेळ सांगणाऱ्या तांडेल काकांस

तांडेल काका, सा. न. वि. वि.

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर जाळं विणता विणता तुम्ही आम्हाला भरती-सुकतीचा (सुकती म्हणजे ओहोटी) हिशेब समजावून दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. नाव छापू नका म्हणालात, ते पाळतो आहोत; नुसतं ‘तांडेल’, म्हणजे होडीचा म्होरक्या, एवढंच लिहितो. पण हिशेब सगळ्यांना सांगा असंही म्हणालात, म्हणून हे पत्र उघड लिहीत आहोत.

रत्नागिरीला येणारे पाहुणे गाडी, खोली आणि जेवण यांच्या वेळा ठरवून येतात. किनाऱ्यावर काय दिसेल आणि कुठे जीवाला धोका आहे, हे मात्र त्या दिवशीचं पाणी ठरवतं. तुमचा पहिला प्रश्नच असतो, ‘आज तिथी कोणती?’ तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पंधरवडा शुक्ल असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. हा आकडा मुंबईकडच्या पाण्याला जास्त जुळतो. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेला सरकते, त्यामुळे रत्नागिरीला ती आधी लागते. म्हणून उत्तरातून अर्धा-पाऊण तास वजा करायचा. पूर्ण भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, आणि रोज पाणी पाऊण तासाहून थोडं जास्त पुढे ढकललं जातं. तिथी दुपारीच बदलत असेल किंवा वारा जोराचा असेल, तर अर्ध्या तासाची चूक धरून चालायचं. नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक बघावं. पण ते हाताशी नसताना भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं, ही तुमची देणगी.

एक उदाहरण घेऊ. तृतीयेला पाऊणपट सव्वादोन. त्यातून पाऊण तास गेला की पूर्ण भरती दुपारी दीडच्या सुमारास, आणि त्याआधीची पूर्ण सुकती सकाळी सव्वासातच्या आसपास. खडक पाहायचे असतील तर सहालाच किनाऱ्यावर हवं. पाणी उतरत असताना त्याच्या मागे मागे खाली जायचं आणि ते फिरलं की लगेच परत निघायचं. सुकती पूर्ण झाल्यावर जो पोचतो, त्याच्या हाती फार तर तासभर उरतो. शिवाय परतीची वाट बुडायला कुठून सुरुवात होते, हे त्याने पाहिलेलंच नसतं. माणसं अडकतात ती अशी: पुढचा उंच खडक कोरडा असतो, पण मागची घळ भरलेली असते.

तिथीवरून नुसती वेळ नव्हे, पाण्याचा जोरही कळतो. अमावास्या-पौर्णिमेला आणि नंतरचे दोन-तीन दिवस उधाण असतं. पाणी वर खूप चढतं आणि खालीही खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी. ते ना धड चढत, ना धड उतरत. भांगाच्या दिवसांत खडकांवरचा जीवसंसार पाहायला आलेले लोक ‘इथे काहीच नाही’ म्हणत परत जातात. किनारा तोच असतो, दिवस चुकलेला असतो. तुमचं आणखी एक बारीक निरीक्षण आता आम्ही कधीच सोडत नाही: दिवसातल्या दोन सुकत्या सारख्या नसतात. वेळापत्रकात मीटरचा आकडा ज्या सुकतीचा लहान, ती निवडावी.

आरे-वारेच्या कडेचे खडक, गणेशगुळ्याचा किनारा, गणपतीपुळ्यापलीकडे मालगुंडकडचा भाग, या जागा अशा सकाळी पाहाव्यात. डबक्यांत समुद्रफुलं, खेकडे, सागरी गोगलगायी आणि खडकाला धरून बसलेली कालवं दिसतात. कालवांच्या कडा पातीसारख्या धारदार असतात, म्हणून चप्पल चालत नाही. बंद, रबरी तळाचे बूट हवेत. शेवाळ हिरवं आणि ओलं असेल तिथे पाय ठेवू नये. शंकूच्या आकाराचा सुंदर शंख दिसला तरी हातात घेऊ नये, कारण आतला जीव विषारी दंश करू शकतो. दगड उलटा केलाच तर होता तसाच परत ठेवावा. खालच्या बाजूचे जीव ओल आणि सावलीवर जगतात, उन्हात ते मरतात. पावसाळ्यात वाळूवर निळे फुगे, म्हणजे फुग्यासारखे दिसणारे समुद्री जीव, वाहून येतात, तेही डसतात. डसले तर वाळूने चोळायचं नाही आणि गोडं पाणी ओतायचं नाही. अंगाला चिकटलेले त्यांचे दोरे चिमट्याने किंवा कार्डाने काढून समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवायचा. धाप लागली किंवा चक्कर आली तर थेट दवाखाना.

आता तुम्ही सगळ्यात जास्त पोटतिडकीने सांगितलेली गोष्ट. गणपतीपुळे आणि आरे-वारे दिसायला शांत, पण पोहायला फसवे आहेत. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या खोल पट्ट्यातून जोरात आत ओढ घेतं. नवख्याला नेमका तोच पट्टा सुरक्षित वाटतो, कारण तिथे लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, सपाट पाणी दिसलं की तिथे उतरायचं नाही. ओढीत सापडलंच तर सरळ किनाऱ्याकडे झगडू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत फेसाच्या बाजूला यावं. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. पाहणाऱ्याने पाण्यात उडी न घेता दोर किंवा रिकामा कॅन फेकावा आणि जीवरक्षकाला हाक मारावी. भाट्याला काजळी नदीच्या मुखाशी सुकतीच्या वेळी खाडीचं सगळं पाणी बाहेर धावतं, तिथे गुडघाभर पाण्यातही मूल सोडू नये. आणि पावसाळ्यातल्या उधाणात भरती दुपारच्या आसपास येते, म्हणजे नेमकी फिरायच्या वेळी. तेव्हा मिऱ्याच्या बंधाऱ्यावर फोटोसाठी उभं राहणं म्हणजे संकटाला बोलावणं.

गावखडीच्या कासवांचं गणितही याच पाण्याशी जोडलेलं आहे, हे तुम्ही सांगेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. ऑलिव्ह रिडले मादी साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्री वाळूत अंडी घालते, शंभरच्या आसपास. घरटं उधाणाच्या रेषेखाली झालं तर खारं पाणी शिरून अंडी कुजतात. म्हणून कासवमित्र ती अलगद उचलून वरच्या कुंपणात पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. पाहायला जाणाऱ्याने टॉर्च आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवावा, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. हाताने उचलून पाण्यात सोडायचा मोह टाळावा. त्यांनी वाळूवरून स्वतः चालत जायचं असतं.

भरती चढलेली असेल तेव्हा काय करायचं, याचंही उत्तर तुमच्याकडे होतं: सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर जा. उक्षीचा कातळात कोरलेला हत्ती, निवळीकडची चित्रं कोवळ्या किंवा कलत्या उन्हातच उठून दिसतात. तिरप्या उजेडाची सावली खाचेत पडते. भर दुपारी तोच कातळ कोरा वाटतो. पावसाळ्यात गवत चित्रं झाकतं, म्हणून दिवाळीनंतर जावं. रेषांवर पाय नको, खडूने गिरवणं नको, पाणी ओतणं नको. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण राखण शेवटी गावकरीच करतात. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर याच जांभ्यावर दिपकाडीची पांढरी फुलं येतात आणि भाद्रपदाच्या सुमारास सीतेची आसवं आणि गेंद. दिपकाडीचा कंद जेमतेम वितभर मातीत जगतो, म्हणून सडा यंत्राने सपाट केला की ती परत येत नाही. सड्याला ‘पडीक’ म्हणणाऱ्यांना तुम्ही झापता, ते योग्यच करता.

शहरातल्या जागांना पाण्याचं बंधन कमी. थिबा राजवाडा 1910 चा, ब्रह्मदेशाच्या हद्दपार राजासाठी बांधलेला. तो, टिळकांचं जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर उन्हाच्या वेळेत उरकावं. रत्नदुर्गावर चारनंतर चढावं. तीन बाजूंना समुद्र असल्याने तिथून पाण्याचा रंग पाहून भरती किती चढली हे कळतं. गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या किनारी रस्त्याने पंचविसेक किलोमीटर पडतात, निवळीमार्गे बरेच जास्त. दिवसाउजेडी जायचं असेल तर पहिलाच रस्ता घ्यावा.

काका, ही माहिती तुम्ही कधी विकली नाहीत. जेटीवर येऊन विचारील त्याला, जाळ्याची गाठ हातात धरून, पुन्हा पुन्हा सांगत राहिलात. तुमच्या सांगण्यामुळे मुलांचे गट खडकांवरून वेळेत परत येतात, डबक्यातले दगड जागच्या जागी राहतात, आणि लोक पाण्यात उतरण्याआधी एकदा कॅलेंडर बघतात. त्याबद्दल तुमचे फार फार आभार. वर काही चुकीचं उतरलं असेल तर निरोप पाठवा, दुरुस्त करू.

तुमचे,
तुमच्याकडून पाणी वाचायला शिकलेले आम्ही सगळे