ग्रीसमधल्या सालोनिकाच्या मावशींना, खुर्चीबद्दल

मावशी,

गेल्या महिन्यात आई गेली. तिचं इथलं, इस्रायलमधल्या लोद गावातलं घर आवरताना मागच्या बाल्कनीत तुमची खुर्ची सापडली आणि मी तिथेच रडत बसले. तुमचे आभार कुणीच कधी धड मानले नाहीत, म्हणून आता लिहिते आहे.

1962 साल. ताईचं लग्न ठरलेलं. आम्ही ठाण्याहून आलेले बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, त्यांची आम्ही लेकरं. आणि लग्नाची नोंद करणारे आईला विचारत होते, तुमची आजी यहुदी कशावरून? तिची आई? कबर कुठे आहे? आई रोज त्या कचेरीच्या दारात उभी राहायची. एका जिन्यातले शेजारी नजर चुकवून निघून जायचे. आमच्यातलेही काही! लग्नात जेवायला मात्र सगळे आले.

तुम्ही स्वयंपाकघरातली वेताची खुर्ची डोक्यावर घेऊन भर उन्हात चालत आलात, आईला तीत बसवलंत आणि स्वतः पायरीवर बसलात. चार दिवस रोज. आईचं हिब्रू तोडकं, तुम्ही तिला तुमच्या लादिनोत, म्हणजे तुमच्याकडच्या यहुद्यांच्या जुन्या स्पॅनिश बोलीत, ‘इझा’, म्हणजे लेकी, म्हणायचात. कारकून कबरीचं बोलला तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, “माझ्या आजीच्या कबरीचा दगड सालोनिकात कुणाच्या तरी अंगणात फरशी झालाय. मग मी कोण?”

बाकीचं आईला पुढे कधीतरी सांगितलंत. जुलै 1942 मधल्या त्या शनिवारी जर्मनांनी हजारो यहुदी पुरुषांना चौकात उन्हात उभं करून कवायती करायला लावल्या, त्यात तुमचा भाऊ होता. डिसेंबरात यहुद्यांचं कबरस्तान फोडलं. मार्च 1943 पासून गाड्या ऑश्विट्झच्या मृत्यूछावणीला निघाल्या. सुमारे 46,000 माणसं नेली, फार थोडी परतली. तुमच्या घरातून तुम्ही एकट्या. आणि परतलात तर घरात दुसरंच कुटुंब राहत होतं. दार उघडणाऱ्या बाईच्या मागे तुमच्याच आईचं टेबल दिसत होतं. “तिनं मला बस म्हटलं नाही,” असं तुम्ही म्हणालात, हे आई शेवटपर्यंत सांगायची.

सोसलेला माणूस मऊच होतो असं नाही, मावशी. कडूही होतो. तुम्ही कडू झाला असतात तर कुणी नावं ठेवली नसती. पण तुम्ही खुर्ची उचललीत.

ताईचं लग्न झालं. 1964 मध्ये आमच्या लोकांनी यरुशलेममध्ये ठिय्या दिला आणि आम्ही सर्वार्थाने यहुदी आहोत असं संसदेनं ठरवून सांगितलं. तो दिवस मोठाच होता. आईला मात्र आठवायची ती ही खुर्ची. तुम्ही ती परत नेली नाहीत, “इझाकडेच राहू दे” म्हणालात.

वेत फाटला होता. विणून घेतलाय. खुर्ची आता ताईच्या दाराशी आहे, आल्यागेल्याला बसायला.

तुमची,
इझाची धाकटी