आनंदीबाईंच्या ‘मावशीं’चे माहेर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डॉ. आनंदीबाई जोशींच्या अमेरिकेतल्या ‘मावशी’, न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटरबाई, आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. मात्र अशा बाईचे पूर्वज शोधू पाहणारा पहिल्याच पायरीवर घसरतो. कार्पेंटर हे सासरचे आडनाव. त्यावरून वर चढत गेलात तर नवऱ्याचे पणजोबा सापडतील!

अमेरिकेच्या खानेसुमारीत १८५० पूर्वी फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे. बाकीचे घर म्हणजे वयोगटांच्या रकान्यांतले आकडे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव मिळते (गुलामगिरीतून सुटलेल्यांचे १८७० पासून), पण प्रमुखाशी नाते १८८० पासूनच. तोवर घरातली वीस वर्षांची ‘मेरी’ ही मुलगी, सून की दुसरी बायको, हे कळत नाही. त्यात १८९० ची खानेसुमारी वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीमुळे जवळजवळ सगळी गेली. १८८० ला बापाच्या घरी असलेली मुलगी १९०० ला एकदम सासरच्या आडनावाने दिसते. लग्न नेमके मधल्या भगदाडात.

दुवा बहुधा बापाच्या मृत्युपत्रात मिळतो. बाप ज्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) राहत होता तिथल्या वारसा-न्यायालयाच्या दप्तरात ते पाहावे. लग्न झालेल्या मुली त्यात सहसा सासरच्या आडनावाने येतात. मृत्युपत्र नसेल तर वाटणीचे कागद, किंवा वारसांनी मिळून जमीन विकल्याचे खरेदीखत. त्यावर मुलीबरोबर जावयाचेही नाव असते. नवरा यादवी युद्धातला सैनिक असेल तर विधवेच्या पेन्शनची फाइल आधी मागवावी: लग्नाचा पुरावा द्यावा लागत असल्याने माहेरचे नाव त्यात पुष्कळदा निघते. जन्मनोंदीवर भिस्त नको. मॅसॅच्युसेट्समध्ये ती राज्यभर १८४१ पासून, शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये १८८० च्या सुमारास सुरू झाली.

वय जुळत नाही म्हणून नोंद टाकून देऊ नये. दोन खानेसुमाऱ्यांत दहा वर्षे सरतात, बाईंचे वय सातच वाढते. नावाचेही तसेच: थिओडिशिया आणि थिओडोशिया एकच.

फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर यातले बरेच कागद फुकट दिसतात. पण तिथला तयार वंशवृक्ष कोणीही बदलू शकतो. कुणबी नोंदींसाठी कोतवाल बुके आणि मोडी कागद चाळलेल्या सातारा-सांगलीकरांना मूळ पान पाहायला वेगळे सांगायला नको. कार्पेंटरबाईंवर पुढे जो कोणी लिहील, त्याने त्यांचे माहेर कोणत्या कागदावरून घेतले, एवढे तरी छापावे.

– एक वाचक, सातारा