नागपूर–पुणे मार्गावर रोजची, साध्या शयनयान डब्यांची रात्रगाडी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूल शिकायला किंवा नोकरीला पुण्याला गेले की नागपूरच्या घराघरांत प्रत्येक सणाआधी एकच चर्चा सुरू होते : ट्रॅव्हल्सने यायचे की रेल्वेने? माझी मुलगी तीन वर्षांपासून पुण्यात शिकते आहे आणि या काळात आम्ही दोन्ही मार्गांनी अनेकदा ये-जा केली आहे. रात्रीची बस स्वस्त आणि सोयीची, तर रेल्वे लांबची आणि कंटाळवाणी, असे सरसकट बोलले जाते. त्यातले सोयीचे तेवढे खरे आहे, स्वस्ताईचे मात्र नाही. आणि ज्या गोष्टीची किंमत तिकिटावर छापलेली नसते तिच्याविषयी कोणीच बोलत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सोयीच्या बाबतीत बसला तोड नाही. नागपूरहून निघालेली रेल्वेगाडी वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ करीत मनमाडपर्यंत जाते आणि तेथून अहिल्यानगर, दौंडमार्गे पुण्याकडे वळते. या वळशामुळे अंतर 890 किलोमीटरच्या घरात जाते, तर रस्त्याने ते सातशेच्या आसपास भरते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाल्यापासून बसचा वेळ आणखी वाचला. संध्याकाळी रवीनगरला किंवा वाडीला गाडीत बसावे आणि सकाळी वाघोलीला किंवा खराडीला खोलीच्या जवळच उतरावे, हे रेल्वेला जमणारे नाही. शिवाय बसचे तिकीट त्याच दिवशी दुपारीही मिळते. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते, तेव्हा विद्यापीठाचे परीक्षेचे वेळापत्रकही अनेकदा लागलेले नसते, आणि ते लागेपर्यंत सणाच्या तारखांना लांबलचक वेटिंग झालेले असते.

येथेच स्वस्ताई संपते. दिवाळीच्या आठवड्यात खासगी बसचे भाडे एरवीच्या दुप्पट-तिप्पट होते. राज्य शासनाने 27 एप्रिल 2018 रोजी निर्णय काढून खासगी कंत्राटी वाहनांचे भाडे एस.टी.च्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा अधिक असू नये, असे ठरवून दिले आहे; पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मोबाईलवर दिसणाऱ्या आकड्यांवर त्या निर्णयाची सावलीही पडलेली दिसत नाही. रेल्वेच्या साध्या शयनयानाचे तिकीट मात्र दिवाळीतही पाचशे रुपयांच्या आसपासच असते, फक्त ते कन्फर्म मिळत नाही. एस.टी.त मार्च 2023 पासून महिलांना अर्धे भाडे आहे आणि माझ्या मुलीला त्याचा लाभ झालाही आहे, परंतु खासगी गाड्यांच्या मानाने पुण्याला जाणाऱ्या एस.टी.च्या रात्रीच्या गाड्या मोजक्या आहेत.

आता मुख्य मुद्दा. गेल्या दिवाळीनंतर मी स्वतः मुलीला सोडायला एका खासगी स्लीपर बसने गेले. काच फोडण्याची हातोडी जिथे असायला हवी, तिथे नुसतीच खुंटी होती. मागच्या आपत्कालीन दारासमोर पार्सलची खोकी रचलेली होती. दुसऱ्या चालकाविषयी विचारले, तेव्हा क्लीनर म्हणाला, "काकू, झोपा आता, सकाळी पुणं येईल." मला झोप लागली नाही. समृद्धीवर चौक नाही, सिग्नल नाही, दुचाकी नाही. तासन्‌तास एकसारखा सरळ रस्ता आणि दिव्यांच्या उजेडात सरकणारे पांढरे पट्टे. पहाटे तीनच्या सुमारास अशा रस्त्यावर कोणत्याही माणसाचा डोळा लागू शकतो, आणि त्या माणसाच्या मागे तीस-पस्तीस जण निर्धास्त झोपलेले असतात.

30 जून 2023 रोजी नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस मध्यरात्रीनंतर, 1 जुलैला, सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. बस दाराच्या बाजूवर पडली होती, त्यामुळे दारातून बाहेर पडणे शक्यच नव्हते. जे वाचले, त्यांतले काही खिडकीची काच फोडून बाहेर आले. हे आठवले की खुंटीवर नसलेली ती हातोडी मला क्षुल्लक वाटत नाही.

रेल्वेतही अपघात होतात, हे मी विसरलेली नाही. तरीही रात्रीच्या प्रवासापुरता दोन्हींत एक मोठा फरक आहे : रेल्वेत सगळा भार एका माणसाच्या जागे राहण्यावर नसतो. मोठ्या स्थानकांवर लोको पायलट बदलतो. त्याच्यासोबत सहायक असतो. इंजिनातील सतर्कता यंत्राला ठरावीक वेळेत प्रतिसाद मिळाला नाही, तर आधी इशारा होतो आणि मग आपोआप ब्रेक लागतात. डब्याला दोन्ही टोकांना, दोन्ही बाजूंनी दारे असतात. बसचालकासाठीही कायदा आहेच. त्यात सर्वसाधारणपणे दिवसाला 8 तास कामाची मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे बारा-तेरा तासांच्या या प्रवासाला दोन चालक असायलाच हवेत. मात्र दुसरा चालक खरोखर गाडीत आहे का आणि तो आदल्या रात्री कोठे गाडी चालवत होता, हे प्रवाशाला कळण्याचा कोणताही मार्ग नाही.

10 ऑगस्ट 2025 रोजी अजनी (नागपूर)–पुणे वंदे भारत सुरू झाली, तिचे स्वागतच आहे. पण ती दिवसा धावते, तिच्यात फक्त खुर्च्या आहेत आणि तिचे भाडे शयनयानाच्या कितीतरी पट आहे. आझाद हिंद हावड्याहून येते, त्यामुळे नागपूरपर्यंत ती भरलेली असते. महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूरहून दिवसा निघते आणि ठिकठिकाणी थांबत पुण्याला अवेळी पोहोचते. गरीबरथ रोज नाही आणि तिला साधे शयनयान डबेच नाहीत. विद्यार्थी आणि कमी पगाराचे तरुण बसकडे वळतात ते हौसेने नव्हे. संध्याकाळी नागपूरहून सुटून सकाळी पुण्यात पोहोचणारी, त्यांच्या खिशाला परवडणारी आणि नागपूरकरांना जागा मिळेल अशी गाडी त्यांना रोज उपलब्ध नाही म्हणून वळतात.

मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाने आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी निदान दहा-बारा साध्या शयनयान डब्यांची अशी रोजची गाडी नागपूरहून सुरू करण्यासाठी पाठपुरावा करावा, ही विनंती आहे. ती सुरू होईपर्यंत परिवहन विभागाने सणांच्या दिवसांत वाडी आणि रवीनगरच्या थांब्यांवर गाडी निघण्यापूर्वीच हातोड्या, आपत्कालीन दारे आणि दुसरा चालक तपासावा. दोन्ही चालकांची नावे आणि आदल्या दिवशीच्या कामाचे तास ऑनलाइन तिकिटावर छापण्याची सक्तीही करावी.

आपली,
एक पालक,
मानेवाडा, नागपूर