तात्या, आमचा खोबऱ्या तुमच्यामुळे राहिला

तात्या, तुमच्याकडे स्मार्टफोन नाही हे माहितीये, पण तुमची नात हे वाचून दाखवेल म्हणून इथेच लिहितोय, आणि चार लोकांनी वाचावं असंही वाटतं.

चार वर्षं झाली त्याला. रस्ता रुंदीकरणात आमच्या मागच्या दारचं खोबऱ्या आंब्याचं झाड जाणार हे कळलं तेव्हा बुंध्यावर लाल रंगाचा पट्टा मारून पण झाला होता. आजीच्या सासऱ्यांच्याही आधीचा तो रायवळ, म्हणजे कलम न करता बाठ्यातून वाढलेला आंबा, फळ मुठीएवढं, रेषाळ, पण चोखला की शेवटी ओल्या खोबऱ्याचा वास यायचा, म्हणून घरात त्याला खोबऱ्याच म्हणायचे. त्या मे महिन्यात मी वेड्यासारखा खाली पडलेला एकेक बाठा गोळा करत होतो, पोतं अर्धं भरलं, आणि वाटलं की चला, आता ठाण्याला जाताना नेतो, कुठेतरी लावतो, झाड वाचलं. तुम्ही कुंपणापलीकडून बघत होतात. आत आलात, एक बाठा हातात घेऊन म्हणालात, "लाव की, आंबा येईल. पण हा आंबा नाय येणार."

मला खरंच माहीत नव्हतं. इंजिनीअर झालो पण हे कोणी शिकवलं नव्हतं. तुम्ही पडवीत बसून कोयत्याने बाठा उघडलात, आतला गर दाखवलात, म्हणालात यातला अर्धा जीव या झाडाचा आणि अर्धा माशीने ज्या झाडाचा पराग आणला त्याचा, ते झाड कुठल्या परसातलं कोणाला ठाऊक. नंतर मी वाचलं तर तेच, आंब्याच्या पेशीत 40 गुणसूत्रं, 20 आईकडची 20 परागाबरोबर आलेली, आणि प्रत्येक बाठ्यात पत्ते नव्याने पिसलेले. काही जातींच्या एका बाठ्यातून दोन-तीन रोपं येतात आणि त्यातली बहुतेक हुबेहूब आईसारखी निघतात, आग्नेय आशियात तसे आंबे खूप आहेत आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही काही आहेत, पण आमचा खोबऱ्या त्यातला नव्हता. एका बाठ्यातून एकच कोंब, हे तुम्ही आधीच बघून ठेवलं होतं.

मग तुम्ही जे केलंत ते मी जन्मात विसरणार नाही. तेच बाठे रुजत घालायला लावलेत. पाऊस लागल्यावर कोंब वर आले, पानं अजून तांबूस, बोटाने दाबली तर मऊ. त्याच्या दहा दिवस आधी तुम्ही शिडी लावून खोबऱ्याच्या काड्या हेरून ठेवल्या होत्यात, पानं कापून नुसते देठ ठेवलेत, म्हणालात आता डोळे फुगतील. देठ गळाले तेव्हा काडी तोडलीत, खाली दोन्ही बाजूंनी पाचरीसारखी तासलीत, रोपाचा शेंडा उडवून मधोमध चीर दिलीत, काडी आत सरकवलीत आणि प्लास्टिकची पट्टी इतकी घट्ट गुंडाळलीत की मला वाटलं तुटेल. कोयकलम. 25 बांधलीत, 11 जगली. खाली खुंट त्याच झाडाच्या पोरांचा, वर काडी त्याच झाडाची. पैसे विचारले तर रागावलात.

पावसाळा संपल्यावर झाड तोडलं. मी बघायला थांबलो नाही.

त्यानंतर मला या विषयाची ओढच लागली. हापूस म्हणजे काय तर एकाच कुठल्यातरी झाडाची काडी शेकडो वर्षं इकडून तिकडे बांधत नेलेली, पोर्तुगीजांनी गोव्यात कलमं करायला लागल्यापासून, आणि नावही त्यांच्या अफोन्सो द अल्बुकर्कवरून आलेलं. 2020 मध्ये याच हापूसचा अख्खा जीनोम, म्हणजे त्याच्या गुणसूत्रांवरची सगळी माहिती, प्रसिद्ध झाला. पण नुसताच हापूस लावला तर बागेत फळ कमी धरतं, मोहोरावर दुसऱ्या जातीचा पराग लागतो, हे तुम्ही मला जीनोमच्या आधी सांगितलं होतं. हापूसला साका होतो, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होऊन बिघडतो, तो टाळायला वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसचा संकर करून 1981 साली रत्ना काढला. म्हणजे हापूसचं दुखणं सोडवायला नीलम लागला! उद्या अजून काही रोग आला तर त्याचं औषध कुठल्या परसातल्या बारक्या रायवळ बिटकीत असेल काय माहीत, आणि आपण रायवळं तोडून जळणाला घालतोय, मला याचा खरंच त्रास होतो. मेघालयात दामलगिरीला आंब्यासारख्या पानाचा जीवाश्म सापडलाय, साधारण 6 कोटी वर्षांपूर्वीचा. एवढं जुनं खानदान आणि आपण एका उन्हाळ्यात संपवतो.

तर तात्या, 11 पैकी दोन बहिणीकडे चिपळूणला, एक माझ्या सोसायटीत, तीन गावात लोकांनी मागून नेली, बाकीची आपल्या वरच्या वाडीत. पहिली तीन वर्षं मोहोर आला की तुम्ही सांगितलं तसा खुडून टाकला, जीवावर आलं होतं पण टाकला. यंदा ठेवला. काल बहिणीने फोटो पाठवला, तिच्याकडच्या एका कलमावर सात कैऱ्या धरल्यात, देठाजवळ तोच हिरवा-काळसर डाग.

पहिला पिकला की घेऊन येतो. खोबऱ्याचा वास येतो का ते तुम्हीच सांगा.



तुमचा,
खोबऱ्यावाल्यांचा नातू